रंगराव मुळीक यांचा एकुलता मुलगा

टेबलामागच्या साहेबानं शालनाक्काचे दोन कागद शेजारी शेजारी ठेवले आणि विचारलं, "या दोन बायका कोण?"

"एकच हाय," आक्का म्हणाली. "मीच."

साहेब हिंदीत बोलत होता, आक्का मराठीत, आणि मी मधे उभा राहून इकडचं तिकडं करत होतो. कुठल्या देशाचा साहेब ते विचारू नका. पुलाच्या अलीकडं एक तंबू होता, पलीकडं एक तंबू होता आणि दोन्हीकडं तसलंच टेबल होतं. मास्क त्याच्या हनुवटीला अडकवलेला. तीन दिवसांची दाढी.

"हा शाळेचा दाखला. शालन रंगराव मुळीक. आणि हे आधार. सुप्रिया संभाजी यादव." त्यानं दोन्हींवर बोट ठेवलं. "लग्नानंतर आडनाव बदलतं, ते मला ठाऊक आहे. माझ्या बायकोचंही बदललं. पण बाईचं नावच बदललं?"

"आमच्यात बदलतात," मी म्हणालो. "लग्नात ताटात तांदूळ पसरतात. नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो. ते नाव पडतं."

"तांदळात."

"हो."

"मग ताट आणलंय का?"

मागच्या रांगेतला एकजण हसला. साहेब हसला नाही. त्यानं आक्काचे कागद घडी करून परत दिले आणि माझे घेतले.

"महादेव रंगराव मुळीक. बापाचं नाव रंगराव दादू मुळीक. पेशंटचं नाव तेच. नातं, मुलगा." त्यानं हॉस्पिटलचं पत्र जुळवून पाहिलं. "तुझं बरोबर आहे. तू जा."

चाळीस वर्षांत माझं कुठलंही सरकारी काम इतक्या पटकन झालं नव्हतं.

"आणि ह्या?"

"ह्यांचं नातं दिसत नाही. सीमा बंद आहे, माहीत आहे ना? फक्त रक्ताची माणसं सोडतोय. नवरा, बायको, आई, बाप, मुलं. तेही पेशंट सिरियस असेल तर, आणि एका पेशंटमागं एकच. तू आहेस. पुढचा."

मी आक्काला मराठीत सगळं सांगितलं. रक्ताची माणसं, हेही सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं, मी पुलाकडं.

कारण रंगराव मुळीक माझा बाप नव्हता. तिचा होता.

माझा बाप शिदू गेजगे. जातीनं होलार. विट्यापासून दीड तासावर आमचं गाव, तिथं लग्नाला सनई वाजवायचा. वरात दारात पोचली की मांडवाबाहेर बसून जेवायचा. मी तेरा वर्षांचा असताना रंगराव आण्णा गावी आला आणि मला मागून घेऊन गेला. आमच्या भागातली माणसं गलाई करतात. सोन्याचे मोडके दागिने मुशीत वितळवायचे, तेजाबात टाकून शुद्ध करायचे. त्यासाठी देशभर पांगलेत. आण्णा देशाच्याही पुढं गेला होता, नेपाळात, सीमेपासून पाऊण तासावरच्या एका गावात. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं अजून आपली माणसं धंदा करतात.

बाहेरचा नोकर ठेवायचा तर तिथं परवाने काढावे लागतात, घरच्या माणसाला विचारत नाहीत, असं आण्णा म्हणायचा. खरं-खोटं त्याला ठाऊक. शिवाय होलाराच्या पोराच्या हातात गावातले सोनार सोनं देणार नाहीत, हे तो म्हणायचा नाही, पण मला कळायचं. म्हणून दुकानाच्या भाडेपट्ट्यावर त्यानं मला मुलगा म्हणून घातलं. त्या एका कागदावरून दुसरा झाला, दुसऱ्यावरून तिसरा. शेवटी आधारसुद्धा त्याच नावानं आलं. आण्णाला पोरगा नव्हता. एकच मुलगी, शालन. माझ्याहून लहान, पण मालकाची पोर म्हणून मी तिला आक्का म्हणायचो. ती गावी राहिली, सातवी झाली आणि लग्न होऊन सुप्रिया झाली.

तेव्हा मे महिना होता. साथीची दुसरी लाट. मी गावाकडं आलो आणि मागं सीमा पक्की बंद झाली. दुकानातल्या बबनचा फोन आला की आण्णाला ऑक्सिजन लावलाय, सारखं पोरीचं नाव घेतोय, डॉक्टर चार दिवसांचा भरवसा देत नाही. आक्काचा नवरा अंथरुणावर. तो म्हणाला, शिद्याच्या पोराला घेऊन जा, त्याला रस्ता माहीत आहे. शिद्याचं पोर म्हणजे मी. वय बेचाळीस.

तीन दिवस, तीन गाड्या. आक्काची भाकरी आक्काच्या फडक्यात, माझी माझ्या. तिची बाटली वेगळी, माझी वेगळी. साथ होती, म्हणून सगळेच तसं करत होते. पण आमचं साथीच्या आधीपासूनचं होतं.

पुलाजवळ एक पिंपळ होता, त्याच्या पाराला रांगेतनं हाकललेली माणसं बसलेली. आम्हीही बसलो. ऊन असं की पुलाचं लोखंड हलल्यासारखं दिसत होतं. आक्कानं फोन लावला.

"बबन, आण्णा बोलत्यात का?"

"बोलत्यात, पण धाप लागतीया. मगाशी इचारलं, शालन कुठवर आली. तुमी पूल वलांडला का?"

"आलो, आलो," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू जा."

"आणि तुमी?"

"मी हितं बसते. तू गेलास की फोन त्यांच्या कानाला लाव. माझा आवाज तरी जाईल."

मी तिच्याकडं बघितलं.

"काय बघतोस? जा की. तुझं बरोबर हाय म्हणला न्हवं साहेब."

"कागद बरोबर हाय म्हणला."

"कागदच लागतो." तिनं दाखला पिशवीत कोंबला. "माज्या बापानं तुला कागदावर घेतला आणि मला तांदळात पुरली. आता जा आणि बस त्यांच्या उशाशी. पोरगा हायस न्हवं."

आम्हा दोघांना तीन दिवसांची झोप नव्हती. ती भांडायला लागली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज चढलाच नाही.

"आक्का, मी मुलगा झालो ते हौसेनं न्हाई," मी म्हणालो. "मला कोणी इचारलं न्हवतं."

"मला तरी कुणी इचारलं हुतं? सुप्रिया. माज्या आईला मरेपर्यंत ते नाव नीट घेता आलं न्हाई."

समोरून एक माणूस टोपल्यात कलिंगडाच्या फोडी घेऊन गेला. कुणी घेतल्या नाहीत. पुलावरून एक बाई एकटीच पलीकडं चालत गेली, हातात एक्स-रेची मोठी पिशवी. सगळा पार तिच्याकडं बघत होता. ती पलीकडच्या तंबूत शिरली.

मला जायचं होतं. ते मी लपवून ठेवणार नाही. आक्कासाठी म्हणून मी तीन दिवस रेल्वेत बसलो नव्हतो. मला आण्णाला एक गोष्ट विचारायची होती, तो जिवंत असताना, समोरासमोर. अकरा वर्षं ती माझ्या घशात होती. आणि विचारायला जाण्याचा कागद माझ्या खिशात होता.

मी उठलो आणि पुन्हा रांगेत उभा राहिलो. दीड तास.

"तू अजून इथंच?" साहेब म्हणाला.

"माझ्या जागी तिला सोडा."

"तिचं नातं दिसत नाही म्हणून सांगितलं ना."

"माझं दिसतंय ना? मग मी लिहून देतो. ही माझी सख्खी बहीण. दोन्ही नावं तिचीच. माझी पाळी मी तिला देतो."

त्यानं पेनाचं टोपण दातात धरलं, विचार केला. तो वाईट माणूस नव्हता. दिवसभर माणसांना नाही म्हणून तो दमलेला होता आणि मी त्याला एकदा हो म्हणायची सोय करून देत होतो.

"तू मुलगा, हे सिद्ध आहे. तू बहीण म्हणून लिहून दिलंस तर मी धरू शकतो," तो म्हणाला. "पण तिनंही लिहून द्यायचं. तू तिचा सख्खा भाऊ आहेस म्हणून. दोघांच्या सह्या, दोघांचे अंगठे. उद्या खोटं निघालं तर दोघंही आत."

"बरं."

"मोठी बहीण की धाकटी?"

"धाकटी."

"आणि तू असताना तिला का? मुलगा तर तू आहेस."

"बाप तिचं नाव घेतोय," मी म्हणालो. एवढं तरी खरं होतं.

मी आक्काला हाक मारली. ती आली, मी समजावलं. मी आधी माझा कागद लिहिला. मी, महादेव रंगराव मुळीक, रंगराव दादू मुळीक यांचा सख्खा व एकुलता मुलगा, लिहून देतो की. एकोणतीस वर्षं मी ते लिहीत आलो होतो. मग पेन आक्कापुढं सरकवलं.

"काय लिहू?"

"मी सांगतो तसं लिहा. मी, शालन."

तिनं लिहिलं. सातवीचं अक्षर, गोल, सुटं सुटं. लिहिता लिहिता 'महादेव रंगराव मुळीक हा माझा' इथवर आली आणि थांबली.

आण्णाच्या गावच्या घरी गोठ्याच्या कुडात एक कप खोचलेला असायचा, कान मोडलेला. तो माझा. सुट्टीला मी आण्णाबरोबर गावी यायचो. दुकानात आम्ही दोघं एका ताटात जेवायचो, मला टायफॉइड झाला तेव्हा त्यानं बारा दिवस माझी घाण काढली, हिशेबाच्या रद्दीवर मला वाचायला शिकवलं तेही त्यानंच. पण गाव आलं की एसटीतून उतरतानाच तो म्हणायचा, "महादू, गावात गावासारखं." मग तो सोप्यात बसायचा आणि मी गोठ्यापाशी. मी कुडातला कप काढायचा, पुढं धरायचा, आणि शालन वरून चहा ओतायची. ती तेव्हा दहा-अकराची असेल. कपाला किटली लागू नये म्हणून ती टाचा उंचावायची. कधी एक थेंब सांडू दिला नाही तिनं. प्यायलो की मी कप धुवायचा आणि परत खोचायचा.

"काय झालं?" साहेबानं विचारलं. "लिहिता येत नाही?"

"येतंय," आक्का म्हणाली आणि लिहिलं, 'भाऊ आहे.'

साहेबानं कागद फिरवून बघितला. त्याला मराठी वाचता येत होतं असं नाही, पण अक्षरं तीच होती. "यात 'सख्खा' कुठाय? हे चुलत-मावस चालत नाही. त्यानं लिहिलंय. तसंच लिहा."

मी भाषांतर केलं नाही. तिला कळलं होतं. तिनं 'भाऊ' या शब्दाच्या वर, जागा नव्हती तरी, 'सख्खा' लिहिलं. सही केली. शालन. मग शेजारी, सुप्रिया. अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर दाबला.

पेन परत देताना म्हणाली, "पाणी हाय का?"

तिची बाटली सकाळीच संपली होती. मी माझी दिली. ती वरून प्यायली की तोंड लावून, ते मी पाहिलं नाही. पाहायचं नव्हतं.

जवानानं तिच्या कपाळाशी ताप मोजायची बंदूक धरली आणि बांबू वर केला. बांबूखालून जाताना ती वळली.

"आण्णाला काय सांगू?"

त्यावेळी सांगता आलं असतं. चार शब्दांची गोष्ट. पण मरत्या बापाला पोरीनं विचारावी अशी ती नव्हती.

"काय न्हाई. महादू पुलावर हाय म्हणा."

ती गेली. पिशवी काखोटीला, पदर डोक्यावर. पूल संपेपर्यंत तिनं मागं पाहिलं नाही.

मी परत जायला पाहिजे होतं. गेलो नाही. पिंपळाच्या मागं बंद पडलेली वखार होती, तिच्या ओसरीवर अडकलेली माणसं झोपायची, त्यात मी पथारी टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला.

"रातीच पोचले, आत आज सोडलं," आक्का म्हणाली. "वळखलं मला. माजा हात धरलाय, सोडत न्हाईत. त्यांनीच नर्सला सांगितलं, माजी शालन."

"बरं झालं."

"तू पुलावर हाईस म्हणून सांगितलं." मागं कुठलं तरी मशीन टुकटुक वाजत होतं. "तर म्हणले, त्याला आत घे. म्हणले, कवाधरनं भाईर हुबा केलाय त्याला, गोठ्यापाशी. आत घे, सोप्यात बसव. मी म्हणलं, आण्णा, हे गाव न्हाई, हॉस्पिटल हाय. ऐकंनात. डॉक्टर म्हणला, डोक्यात ऑक्सिजन जाईना झालाय, भ्रमात बोलत्यात."

"भ्रमातच असणार," मी म्हणालो.

"महादू."

"काय?"

"काय न्हाई. जेवलास का?"

"जेवलो."

जेवलो नव्हतो. आक्कानं जन्मात मला ते कधी विचारलं नव्हतं, त्यामुळं तोंडाला आलं ते बोललो.

माणसं म्हणतात अशा वेळी राग जातो. माझा गेला नाही. शुद्धीत असताना एकोणतीस वर्षांत जे म्हणाला नाही ते बेशुद्धीत म्हणाला, आणि तेही मी ऐकायला नसताना. मी त्या ओसरीवर पालथा पडून राहिलो. रडलो की घाम होता ते सांगता येणार नाही.

आण्णा तिसऱ्या दिवशी पहाटे गेला. साडेदहाला आक्काचा फोन आला. तिचा आवाज कोरडा होता, जसा पारावर होता तसाच.

"न्हेलं बी लगेच. घरी देत न्हाईत. आम्ही चार माणसं. अग्नी मी दिला. भटजी म्हणला, पोरगा न्हाई का? म्हणलं, हाय, पुलापलीकडं अडकलाय." मग म्हणाली, "महादू, केस तू काढ."

"मी?"

"दुसरं कोण हाय? भावकी काय म्हणंल ते मी बगते. मी सही केलीया, अंगठा दिलाय. खोटं निघालं तर दोघंबी आत." ती हसली का रडली ते कळलं नाही. "काढशील न्हवं?"

"काढतो," मी म्हणालो.

आता ते अकरा वर्षांपूर्वीचं सांगतो.

शिदू गेजगे आषाढात गेला. दुकानात फोन आला तेव्हा मी भट्टीवर होतो, मुशीत सोनं रटरटत होतं. मी बाहेर आलो आणि आण्णाला म्हणालो, माझा बाप गेला, मी न्हाव्याकडं जाऊन येतो. गावी पोचणं शक्यच नव्हतं, तीन दिवसांचा रस्ता. निदान केस तरी. आण्णानं दुकानाचं दार अर्धं ओढून घेतलं. म्हणाला, "महादू, तू डोकं करून बसलास तर गिऱ्हाईक इचारणार, कोण गेलं. काय सांगशील? बाप? मी तर हितं गादीवर बसलोय. सगळ्या कागदांवर तुजा बाप मी हाय." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "एवढं संबाळून घे. मनात ठेव. मनातलं देवाला पोचतंय." हात मायेचाच होता. म्हणूनच मला तो झटकता आला नाही. मी आत गेलो, डोक्याला तेल लावलं, नीट भांग पाडला आणि भट्टीवर बसलो. त्या दिवशी चार सोनार येऊन गेले. कुणी काही विचारलं नाही.

हेच मला विचारायचं होतं. माझ्या बापासाठी मला केस का काढू दिले नाहीस?

पुलाच्या वाटेवर बाभळीखाली एक न्हावी बसायचा. लाकडी खुर्ची, बाभळीला टांगलेला आरसा, जर्मनचं भांडं. बंदी होती तरी बसायचा, कारण रोज पलीकडं कुणाचं तरी कुणीतरी जात होतं आणि अलीकडं अडकलेल्यांना डोकी करावी लागत होती. आरशात मी स्वतःला नीट बघितलं. केस अर्धे पांढरे झालेले. शिदूचे शेवटपर्यंत काळे होते म्हणे.

"सगळे?" त्यानं विचारलं.

"सगळे."

त्यानं डोक्यावर पाणी मारलं आणि बोटांनी केस भिजवले. वस्तरा कातड्यावर घासत सहज विचारल्यासारखं विचारलं, "कोण गेलं, दादा?"

"बाप."

"आज?"

"अकरा वर्षं झाली."

वस्तरा घासायचा थांबला. त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं.

"मग एवढे दिवस?"

"परवानगी आज मिळाली," मी म्हणालो आणि मान पुढं केली.